शोगीचा डाव इंजिनला दाखवण्याआधी आणि दाखवल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बुद्धिबळ बरीच वर्षं खेळून शोगीकडे, म्हणजे जपानी बुद्धिबळाकडे, वळलात, ८१दोजो आणि लिशोगी या साइटींवर ५-६ क्यूच्या (दानखालच्या श्रेणीच्या) आसपास अडकलात. डाव संपला की तो इंजिनवर टाकता, ग्राफ बघता, चुकांच्या खुणा बघता, आणि पुढच्या डावात पुन्हा तेच होतं. त्यातून चार शंका: सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, आकडा कसा वाचावा, इंजिनला आवडतात त्या सुरुवाती खेळाव्यात का, आणि या सगळ्यासाठी ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर लागतो का.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिन चाल सांगतं, कारण सांगत नाही. कारण त्याच्याकडून काढून घ्यावं लागतं, आणि ते काढायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आपली वाईट चाल त्याच्यापुढे ठेवून "आता मला शिक्षा करून दाखव" असं म्हणणं. नुसता ग्राफ पाहून कुणी वर चढल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

सॉफ्टवेअरचं पटकन उरकू. तुमच्या पातळीला लिशोगीवरचं मोफत विश्लेषण पुष्कळ झालं. डाव तिथंच खेळला असेल तर प्रश्नच नाही, दुसरीकडचा असेल तर केआयएफ किंवा सीएसए नोंद चिकटवून आत घेता येते. फोनवर पियो शोगी चांगलं आहे. स्थिती हवी तशी मांडून बघायची, एकाच वेळी चार-पाच पर्याय बघायचे, मात शोधायला वेगळं इंजिन जोडायचं, अशी गरज लागली की मग कॉम्प्युटरवर या. विंडोजवर शोगिदोकोरो किंवा शोगीजीयूआय. मॅक किंवा लिनक्स असेल तर शोगीहोम, ज्याचं आधीचं नाव इलेक्ट्रॉन शोगी होतं. जपानी वाचता येत नसेल तर शोगीहोमपासूनच सुरुवात करा, त्यात इंग्रजी मेन्यू आहे. पुण्यात जपानी शिकणारे एवढे आहेत की तुमच्या ओळखीत जपानीची एन-४ परीक्षा झालेलं कुणी ना कुणी निघेलच; एक संध्याकाळ त्यांना शेजारी बसवलंत तर शोगिदोकोरोचे मेन्यूही कायमचे समजून जातील.

हे झाले पडदे. इंजिन वेगळं असतं आणि ते या पडद्यांशी यूएसआय नावाच्या बोलीत बोलतं. बुद्धिबळातल्या यूसीआयवरूनच ती बेतलेली आहे, त्यामुळे तुम्हाला काही नवं शिकायचं नाही. नवखा माणूस अडतो तो दुसरीकडे. यानेउराओ हे इंजिन उतरवून घेतलं आणि चालूच होत नाही, अशी तक्रार नेहमी येते. यानेउराओ म्हणजे मुख्यतः शोध घेणारा भाग. स्थितीची किंमत ठरवणारी फाइल बहुधा वेगळी मिळते, तिचं नाव साधारणपणे एनएन.बिन असतं आणि ती 'इव्हॅल' फोल्डरमध्ये ठेवावी लागते. सुइशो, हाओ ही नावं ऐकता ती अशा मूल्यमापन फाइलींचीच. (सुइशो बनवणारे सुगिमुरा तात्सुया पेशानं वकील आहेत. शोगी प्रोग्रामिंगच्या जगात असे हौशी लोक फार, आणि तेच अव्वल.) सुइशो ५ वापरत असाल तर एफव्ही-स्केल हा पर्याय २४ वर ठेवा, नाहीतर आकडे उगाच फुगलेले दिसतात. फोल्डरच्या नावात देवनागरी, जपानी अक्षरं किंवा मोकळ्या जागा ठेवू नका. सी ड्राइव्हवर साधं रोमन नाव द्या. आणि जुन्या केआयएफ फाइली शिफ्ट-जेआयएस एन्कोडिंगमध्ये असतात, उघडल्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका, नोंद यूटीएफ-८ मध्ये साठवून पुन्हा उघडा.

तुम्ही बुद्धिबळातून आलात म्हणून एक गोष्ट जाता जाता. ज्या स्टॉकफिशवर तुमचा इतका विश्वास, त्याला २०२० मध्ये जी मोठी झेप मिळाली ती शोगीकडून आली. एनएनयूई हे छोटं, सीपीयूवरच वेगानं चालणारं न्यूरल नेटवर्क नासु यू यांनी २०१८ मध्ये शोगीसाठी मांडलं. नोदा हिसायोरी यांनी ते स्टॉकफिशमध्ये आणून दाखवलं आणि स्टॉकफिश १२ पासून ते कायमचं राहिलं. तेव्हा शोगीची इंजिनं कच्ची असतील अशी शंका मनात असेल तर ती काढून टाका. २०१७ मध्ये पोनान्झा या इंजिननं तेव्हाचे मेइजिन (एका मोठ्या किताबाचे धनी) सातो आमाहिको यांना दोन्ही डावांत हरवलं, तिथं माणूस विरुद्ध यंत्र हा विषय संपला.

आता आकडे. इथं बुद्धिबळाची सवय सर्वांत जास्त दगा देते. स्टॉकफिश +३ दाखवतो तेव्हा डाव संपलेला असतो. शोगीत पडद्यावर +३०० दिसतं, आणि तुमच्या मनात ते शंभरानं भागून +३ होतं. तसं ते नाही. इथं पकडलेला मोहरा मरत नाही, पकडणारा तो हातात ठेवतो आणि पुढे रिकाम्या घरात टाकतो, म्हणजे तो उलटून तुमच्यावरच येतो. पट रिकामा होत नाही, डाव शेवटाकडे जाईल तसा उलट पेटत जातो. म्हणून एका प्याद्याच्या आघाडीला इथं फारशी किंमत नाही. बरीच सॉफ्टवेअरं आकड्यावरून जिंकण्याची शक्यता काढताना ६०० हा भाजक धरतात. पोनान्झापासून ही पद्धत रुळली. त्या हिशेबानं +३०० म्हणजे साधारण ६२ टक्के, +६०० म्हणजे ७३, +१००० म्हणजे ८४ आणि +२००० म्हणजे ९६-९७ टक्के. आणि हे टक्के इंजिन इंजिनशी खेळलं तर. ५ क्यूच्या दोघांत +८०० ला मी "सेन्तेला खेळायला थोडं सोपं" यापलीकडे काही म्हणणार नाही. (सेन्ते म्हणजे पहिली चाल करणारा, गोते म्हणजे दुसरा.)

वरच्या पातळीवरही हे टक्के किती फसवे असतात ते ११ ऑक्टोबर २०२३ ला सगळ्या जपाननं पाहिलं. ओझा किताबाचा चौथा डाव, नागासे ताकुया विरुद्ध फुजिई सोता. प्रक्षेपणातल्या पट्टीवर नागासेंच्या बाजूनं ९९ टक्के. दोघंही एका मिनिटाच्या ब्योयोमीत, म्हणजे प्रत्येक चालीला एकच मिनिट. ४२ वर गोल्ड हा मोहरा टाकला असता तर मात होती. (घराचा पहिला आकडा सेन्तेच्या उजवीकडून मोजलेला स्तंभ, दुसरा वरून मोजलेली ओळ.) नागासेंनी बढती मिळालेला उंट ५३ वर नेला आणि एका चालीत डाव उलटला. फुजिई त्या दिवशी आठही किताबांचे धनी झाले. इतका मोठा खेळाडू मिनिटभराच्या घड्याळात ९९ टक्के घालवू शकतो, तर तुमच्या ग्राफमधल्या एका दरीचं एवढं दुःख करायचं कारण नाही.

अजून एक तपासून घ्या: आकडा कोणाच्या बाजूनं दाखवलाय? यूएसआयमध्ये इंजिन नेहमी ज्याची चाल आहे त्याच्या बाजूनं आकडा पाठवतं. काही पडदे तो तसाच दाखवतात, काही सेन्तेच्या बाजूनं फिरवून. सेटिंगमध्ये "नेहमी सेन्तेकडून" निवडून ठेवा, नाहीतर गोते म्हणून खेळलेला डाव बघताना डोक्याचा भुगा होतो.

आणि प्रत्येक चालीला एक सेकंद देऊन केलेल्या झटपट विश्लेषणात शे-दीडशे गुणांचा फरक हा फरक समजूच नका. फुजिईंची ती ३१ सिल्व्हरची चाल ऐकली असेल. जून २०२०, किसेइ किताबाचा दुसरा डाव, समोर वातानाबे आकिरा. ५८ वी चाल म्हणून त्यांनी हातातलं सिल्व्हर ३१ वर, बचावाला टाकलं. सुइशोनं ४० कोटी स्थिती पाहिल्या तोवर ही चाल त्याच्या पहिल्या पाचांतही नव्हती. ६० कोटी पाहिल्यावर ती पहिल्या क्रमांकावर आली. फुजिईंनी विचार केला २३ मिनिटं. ही गोष्ट सहसा फुजिईंच्या कौतुकासाठी सांगतात. मी ती शिकणाऱ्यांना दुसऱ्या कारणासाठी सांगतो: इंजिनचं "उत्तम" हे त्याला दिलेल्या वेळेपुरतं असतं. एका सेकंदाच्या छाननीत तुमच्या चालीवर लाल खूण पडली म्हणजे ती वाईट ठरली असं नाही.

मग डाव तपासायचा कसा? इंजिन चालू करण्याआधी डाव एकदा स्वतः मागेपुढे करून बघा आणि तीन जागा लिहून काढा: जिथं सर्वांत जास्त वेळ घेतलात, जिथं प्रतिस्पर्ध्याच्या चालीनं दचकलात, आणि जिथं "आता आपण जिंकतोय" किंवा "गेला डाव" असं वाटलं. प्रत्येकीपुढे तेव्हा मनात काय होतं ते एका ओळीत. "त्याचा घोडा येईल म्हणून प्यादं टाकलं" एवढं पुरे. डाव संपल्यावर लगेच केलं तरच हे आठवतं, रात्री जेवून बसाल तर मनातलं कारण बदललेलं असतं. मग इंजिन लावा, मल्टिपीव्ही (एकाच वेळी दाखवायच्या पर्यायांची संख्या) तीन ते पाचवर ठेवा, आणि त्याच्या खुणांशी तुमच्या तीन जागा जुळतात का ते बघा. जुळल्या तर तुमची जाण ठीक आहे, चाल कमी पडली. जिथं तुम्हाला काहीच खटकलं नव्हतं आणि आकडा मात्र ७००-८०० नं कोसळला, ती जागा खरी मोलाची. तास घालवायचा तर तिथं घालवा.

मल्टिपीव्हीत अंतरं बघायची. पहिल्या चार चाली शंभर-दीडशेच्या आत असतील तर तुम्ही त्यातली कुठलीही खेळलात तरी हरकत नाही, पुढे चला. एकच चाल बाकीच्यांपेक्षा हजारानं वर असेल तर थांबा आणि बघा ती कुठल्या जातीची आहे. शह, मार किंवा सरळ धमकी असेल तर ती दिसायला हवी होती. राजापासून लांब कुठंतरी टाकलेलं प्यादं असेल आणि त्याचा अर्थ एकवीस चालींनंतर लागणार असेल, तर नमस्कार करून सोडून द्या.

आता "शिक्षा करून दाखव" म्हणजे काय ते एका ओळखीच्या स्थितीवर बघू. दोघंही हत्तीपुढचं प्यादं ढकलत येतात: सेन्ते २६, गोते ८४, सेन्ते २५, गोते ८५. इंजिन म्हणतं, सेन्तेनं आता गोल्ड ७८ वर आणावं. बुद्धिबळवाल्याला ही चाल सुस्त वाटते. समोर २४ वर प्याद्यांची अदलाबदल करून हत्ती मोकळा होताना दिसतोय. म्हणून तो २४ वर प्यादं ढकलतो, गोते ते मारतो, सेन्तेचा हत्ती २४ वर येऊन मारतो. सगळं छान दिसतं, आणि ग्राफ मात्र खाली गेलेला.

इंजिनची ओळ वाचून काय कळतं? तिथं लिहिलेलं असतं "७८ गोल्ड, ३२ गोल्ड" आणि पुढची शांत वाटचाल. २४ का वाईट, याचं उत्तर त्या ओळीत कधीच येणार नाही, कारण इंजिनची ओळ दोघांच्या चांगल्या चालींची असते आणि २४ त्यात नाहीच. म्हणून ती ओळ सोडा, पटावर तुमच्या चाली घाला आणि गोतेकडून इंजिनला खेळू द्या. ते ८६ वर प्यादं ढकलतं. तुम्ही मारता, मारावंच लागतं. आता गोते हातातलं प्यादं ८७ वर टाकतो, थेट ८८ वरच्या तुमच्या उंटासमोर. उंटाला जायला जागा नाही: ७७ आणि ९७ वर तुमचीच प्यादी, ७९ वर सिल्व्हर, ९९ वर लान्स. आणि ८७ वरचं ते प्यादं मारायला तुमचं कुणीच नाही. तुम्हीही तेच करता, २३ वर प्यादं टाकून त्याचा २२ वरचा उंट अडवता. बरोबरी झाली असं वाटतं. पण चाल त्याची आहे. तो ८८ वर उंट मारून बढती घेतो, तुमचं सिल्व्हर ते परत मारतं, आणि तो आत्ताच हाती आलेला उंट ३५ वर टाकतो. तिथून एका अंगाला तुमचा २४ वरचा हत्ती, दुसऱ्या अंगाला ४६ वरून थेट ५७ चं प्यादं. हत्ती २८ ला पळवला की उंट ५७ वर मारून बढती घेतो, तुमच्या ५९ वरच्या राजाच्या तोंडावर. तुम्ही २२ चा उंट मारता, त्याचं सिल्व्हर ते वसूल करतं. उंटाला उंट गेला, हिशेब सारखा. पण त्याचा बढती मिळालेला उंट तुमच्या घरात बसलाय आणि तुमचा अजून हातात.

इथं थांबू नका. मागे जाऊन ७८ गोल्ड खेळा, गोतेला ३२ गोल्ड द्या, आणि मग २४ ची अदलाबदल करून बघा. आता ८६ आणि ८७ जमतं का? ७८ वरचं गोल्ड ८७ चं घर राखून आहे, प्यादं टाकलं की सरळ मारतं. म्हणजे ती "सुस्त" चाल म्हणजे ८७ चा पहारा होता. हे दोन प्रयोग स्वतःच्या हातानं केल्यावर ७८ गोल्ड विसरणं अवघड जातं. ग्राफवरच्या लाल टिंबानं ते कधीच लक्षात राहिलं नसतं. सुरुवातीच्या पुस्तकांत हा सापळा पहिल्या काही पानांतच सापडतो, म्हणूनच उदाहरणाला घेतला. तुमच्या डावांतल्या जागा इतक्या स्वच्छ नसतील, पण रीत हीच.

आता डावाचा शेवट, कारण ५ क्यूचे बहुतेक डाव तिथंच ठरतात आणि तिथंच ग्राफ करवतीसारखा दिसतो. +१५०० वरून −२०००, पुन्हा +९००. या करवतीचा प्रत्येक दात तपासायला बसलात तर रात्र जाईल. मी शेवटच्या तीसेक चालींसाठी तीनच गोष्टी बघायला सांगतो: माझ्या हातात मात होती का, माझ्या राजावर त्सुमेरो होता का, आणि मी जी धमकी दिली ती खरंच त्सुमेरो होती का. त्सुमेरो म्हणजे पुढच्या चालीला बचाव केला नाही तर सक्तीची मात.

दुसरी आणि तिसरी गोष्ट नुसत्या ग्राफवरून कळत नाही, आणि इथं एक युक्ती आहे जी बरेच जण वापरत नाहीत. स्थिती संपादनात जा आणि फक्त चाल कोणाची ते उलटं करा. म्हणजे जणू तुम्ही "पास" म्हणालात. आता मात शोधणारं इंजिन लावा. मात निघाली तर तुमच्या राजावर खरोखर त्सुमेरो होता. नाही निघाली तर तुमच्याकडे एक चाल मोकळी होती आणि तुम्ही भीतीनं बचावाला घालवलीत. तसंच प्रतिस्पर्ध्याच्या बाजूनं: तुम्ही धमकी दिलीत, त्याला पास द्या, आणि तुमची मात निघते का बघा. (राजाला शह असताना हे चालणार नाही, शह उठवावाच लागतो.) माझ्याकडे डाव घेऊन येणाऱ्या क्यू-खेळाडूंत हा एकच प्रकार वारंवार दिसतो: ज्या धमकीला धमकी समजून तीन चाली बचाव केला ती धमकी नव्हतीच. शोगीत एका चालीचा फरक म्हणजे डाव. त्यामुळे पासचा हा खेळ आठवडाभर केलात तरी बचावाची अर्धी घाई कमी होईल.

कोमोरिंग हाइट्ससारखं मात शोधण्यासाठीच बनवलेलं इंजिन यासाठी जोडून ठेवा. साधं इंजिन लांब मात दिसली नाही तर नुसतं +३००० वगैरे दाखवून गप्प बसतं. मात शोधणारं इंजिन आहे किंवा नाही ते स्पष्ट सांगतं. उलट बाजूनंही सावध राहा. १७ चालींची मात होती, तुम्ही ती न खेळता हिश्शी, म्हणजे कुठल्याही बचावानं न टळणारी मात देण्याची धमकी, लावलीत आणि पुढे जिंकलात, तर इंजिन तिथंही आकडा खाली आणून "चूक" म्हणेल. ती चूक नाही, ते शहाणपण आहे. आपला राजा सुरक्षित असताना हिश्शी लावणारा माणूस १७ चालींची मात वाचायला जाऊन फसणाऱ्यापेक्षा जास्त डाव जिंकतो. तीन आणि पाच चालींची मात मात्र चुकली तर ती तुमची, तिथं सबब नाही. अशा प्रत्येक स्थितीचं चित्र काढून एका फोल्डरमध्ये टाकत जा. तुमच्या स्वतःच्या डावांतून जमलेला त्सुमेचा (मात शोधायच्या कोड्यांचा) तो संग्रह तुमच्याच डोळ्याच्या सवयींवर बेतलेला असेल. तसा विकत मिळत नाही.

आणखी एक सराव, आणि माझ्या मते सगळ्यांत फायद्याचा. आकडा +८०० होता आणि तरी हरलात अशी स्थिती घ्या. तिथून इंजिनशी खेळा. हराल. मग बाजू बदला: हरणारी बाजू तुम्ही घ्या आणि तुमची जिंकणारी बाजू इंजिनला द्या. ते कसं जिंकतं ते बघा. बहुतेक वेळा त्यात चमत्कार नसतो. कुठंतरी एक प्यादं टाकून तुमच्या हत्तीची रेघ बंद केलेली असते, किंवा हल्ला सुरू करण्याआधी राजा एक घर बाजूला नेलेला असतो. तेवढीच चाल तुमच्या खेळात नव्हती.

सुरुवातींबद्दल. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला फुरिबिशा आवडतं, म्हणजे हत्ती डावीकडे नेऊन खेळायचं, पण इंजिन तिसऱ्या-चौथ्या चालीलाच आकडा खाली आणतं म्हणून सोडायचा विचार आहे. सोडू नका. आजची इंजिनं फुरिबिशाला सुरुवातीपासूनच थोडी वजा किंमत देतात हे खरं, शंभर-दोनशेच्या आसपास. वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या-माझ्या डावात त्या शंभर-दोनशेंना काही अर्थ नाही. सुगाई तात्सुया प्रामुख्यानं हत्ती फिरवूनच खेळतात. २०१७ मध्ये त्यांनी हाबू योशिहारूंकडून ओइ किताब घेतला, आणि इंजिनांच्या ऐन राज्यात, २०२३ आणि २०२४ मध्ये, फुजिईंना किताबासाठी आव्हान दिलं. हरले दोन्ही वेळा, पण फुजिईंसमोर तेव्हा सगळेच हरत होते. फुरिबिशाचा डाव तपासताना शून्यापासून अंतर मोजू नका. सुरुवातीच्या पंधरा-वीस चालींनंतर जो आकडा स्थिरावतो तो तुमचा शून्य धरा आणि तिथून किती घसरलात ते बघा. हँडिकॅपच्या डावांनाही हेच लागू.

इंजिनकडून सुरुवातीत घ्यायचं काही असेल तर ते मांडणीच्या कल्पना आहेत, चालींची घोकंपट्टी नव्हे. एल्मो हे इंजिन २०१७ मध्ये जागतिक कॉम्प्युटर शोगी स्पर्धा जिंकलं. फुरिबिशाविरुद्ध ते राजा ७८ वर, सिल्व्हर ६८ वर आणि गोल्ड ७९ वर, म्हणजे राजाच्या खाली, ठेवून झटकन हल्ल्याला निघायचं. दिसायला विचित्र, बांधायला चारच चाली, आणि हत्तींची अदलाबदल झाली की खालचं गोल्ड तळ सांभाळतं. व्यावसायिकांनी ती मांडणी उचलली, तिला एल्मो किल्ला म्हणू लागले, आणि २०२० मध्ये तिला नव्या कल्पनांसाठीचं मासुदा कोझो पारितोषिकही मिळालं. हे तुम्ही आज वापरू शकता, कारण त्यामागचं कारण एका वाक्यात सांगता येतं. ज्या शिफारशीमागचं कारण तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नाही, ती तुमच्या खेळात अजून आणू नका. सहाव्या चालीनंतर प्रतिस्पर्धी वेगळं खेळला की तुम्ही वाळवंटात.

काही अॅप डावानंतर "इंजिनशी जुळणी ६४ टक्के" असं सांगतात. ते विसरा. सोप्या डावात सगळ्यांचीच जुळणी वाढते, आणि तोच डाव त्याच इंजिनवर पुन्हा तपासला तरी आकडा बदलू शकतो. जपाननं हे फार महागात शिकलं आहे. २०१६ मध्ये मिउरा हिरोयुकी यांच्यावर डावादरम्यान सॉफ्टवेअर वापरल्याचा संशय आला, किताबाच्या सामन्यातून त्यांना बाजूला काढलं, आणि डिसेंबरात त्रयस्थ समितीनं पुरावा नसल्याचं सांगून त्यांना निर्दोष ठरवलं. जुळणीचे टक्के तिथंही टिकले नाहीत. डाव चालू असताना इंजिन उघडायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको.

राहिला कॉम्प्युटर. दोन घराणी आहेत. एनएनयूईवाली इंजिनं सीपीयूवर चालतात, कुठल्याही बऱ्या लॅपटॉपवर सेकंदाला लाखो स्थिती बघतात आणि डावाच्या शेवटात तेज असतात. डीएलशोगीसारखी डीप लर्निंगवाली इंजिनं ग्राफिक्स कार्ड मागतात, कमी स्थिती बघतात, पण सुरुवात आणि मधल्या डावाची त्यांची समज फार चांगली. फुजिई दोन्ही वापरतात, आणि २०२० मध्ये त्यांनी ६४ कोअरचा थ्रेडरिपर लावलेला कॉम्प्युटर स्वतः जोडल्याची बातमी झाली होती. त्यांना सुरुवातीतल्या तीस गुणांनी फरक पडतो. तुम्हाला ७८ गोल्डनं पडतो, आणि ते पाच वर्षं जुना लॅपटॉपही अर्ध्या सेकंदात सांगतो. थ्रेड्स तुमच्या कोअरइतके ठेवा, हॅश एक जीबी पुरे, विश्लेषणात ओपनिंग बुक बंद करा म्हणजे इंजिन पाठ केलेलं न बोलता विचार करून बोलेल. ग्राफिक्स कार्डाचे पैसे सध्या वाचवा; दान, म्हणजे क्यूच्या वरची श्रेणी, मिळाल्यावर पुन्हा विचारा, तेव्हा उत्तर वेगळं असेल.